जळगावचं एक मानसोपचार क्लिनिक, हात धुण्याच्या ओसीडीसाठी (नको तो विचार डोक्यातून जात नाही आणि त्यापायी एकच गोष्ट परत परत करावी लागते, तो आजार) आमच्या ह्यांना घेऊन गेलो होतो, रिव्ह्यू (लांब आहे, चहा घेऊन बसा)

चार स्टार देतेय, पाचवा का नाही ते खाली येईलच. क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण नाव लिहिलं की आमचं दुकान कुठलं हे चोपड्यातल्या टपऱ्यांवर पोचायला अर्धा तास पण लागणार नाही, आणि आमच्या ह्यांनी "लिही, पण नाव नको" एवढ्याच अटीवर लिहू दिलंय. जळगाव, रिंग रोडच्या आसपास, एवढं पुरे. तरी रिव्ह्यू उपयोगी पडेल कारण मला तिथल्या सोफ्याबद्दल सांगायचं नाहीये, तिथे काम कोणत्या पद्धतीनं चालतं ते सांगायचंय. आपल्याकडे पाटीवर नुसतं "मानसोपचार व समुपदेशन" असतं, आत बसलेला माणूस फ्रॉइडच्या लाईनचा (लहानपण उकरणारा) की स्किनरच्या (वागणं बदलायला लावणारा), हे पैसे भरून झाल्यावर कळतं, कधीकधी तेव्हाही नाही.

आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. 2017 ला यवतमाळकडे कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी गेले, सगळ्या पेपरात होतं, तेव्हा ह्यांनी दुकानात हातमोजे आणले, पोरांना पण घालायला लावले, इथपर्यंत चांगलंच होतं. मग हळूहळू घरी आले की मागच्या दारानं यायचे, कपडे वेगळ्या बादलीत, आणि मग हात. कोपरापर्यंत, गणती ठरलेली, मध्ये कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. तोटी हातानं उघडली म्हणजे तोटीला "लागलं", मग तोटी धुवायची, तोटी धुतली म्हणून परत हात. साबणाची वडी आणली की चपटी. हिवाळ्यात बोटांच्या पेरांना चिरा पडून रक्त यायचं तरी धुणं चालूच. गल्ल्यातल्या नोटा घरात आणायच्या नाहीत. पोरगी पळत आली की हे हात वर करून मागे सरकायचे, तिला वाटायचं पप्पा चिडलेत. आणि ह्यांना कळत नव्हतं असं पण नाही हो, बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेला माणूस, कोणतं औषध पंपाला किती हे झोपेत सांगेल, स्वतःच म्हणायचे की हे येडेपण आहे, पण थांबता येत नाही.

सासूबाईंचं (आम्ही बाई म्हणतो) म्हणणं एकच, "मना पोऱ्याले कोन्ही करनी करी वं." मग भगत झाला, उतारा झाला, लिंबू-नारळ झालं. हसू नका, आजार बाहेरून लागतो आणि बाहेर काढून टाकायचा असतो ही पण एक थिअरीच आहे, सगळ्यात जुनी. आणि भगतानं ह्यांचा हात धरून निवांत ऐकून घेतलं, पुढच्या साहेबांनी तेवढं पण नाही ऐकलं. फरक मात्र काही पडला नाही आणि त्यात अख्खा पावसाळा गेला.

पुढचे साहेब म्हणजे एका मोठ्या शहरातले काउन्सेलर, व्हिडिओ कॉलवर, कुणीतरी नंबर दिला होता. दर वेळी लहानपण. वडील कसे होते, मारायचे का, राग आला की काय करायचात. मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं त्यामुळे ओळखलं की ही फ्रॉइडची गाडी आहे. फ्रॉइडनं 1909 ला अशाच एका आजाराची केस छापलीय, रॅट मॅन म्हणून फेमस आहे, एक तरुण वकील, त्याच्या डोक्यातून उंदरांच्या छळाचा एक घाणेरडा विचार जायचाच नाही, आणि फ्रॉइडच्या मते मुळाशी होतं बापाबद्दलचं प्रेम आणि राग, दोन्ही एकदम. आता आमचे सासरे कडक होतेच, दुकानात हिशेब चुकला तर गिऱ्हाइकासमोर बोलायचे, ते सगळं निघालं, हे रडले, माझ्या मते ते निघालं ते बरंच झालं. पण कॉल संपला की हे मोबाईल सॅनिटायझरनं पुसायला जायचे, तो मोबाईल ज्याच्यावर आत्ता तासभर उपचार झाले! ओसीडीला आज जगभर पहिल्या पसंतीचे उपचार दोनच धरतात, एसएसआरआय गोळ्या (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) आणि ईआरपी नावाची वर्तनाची पद्धत. त्यांनी दोन्हींचं नाव सुद्धा काढलं नाही, आणि फी जळगावच्या दुप्पट.

आता क्लिनिकबद्दल. इथे एमडी सायकिअ‍ॅट्रिस्ट डॉक्टर आहेत आणि त्यांच्यासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम, एम.फिल., आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन भिंतीवर लावलेलं आहे (हे बघत जा, आपल्याकडे दोन महिन्यांचा कोर्स करून पण लोक समुपदेशक लिहितात). पहिल्या दिवशी डॉक्टरांनी वाय-बॉक्स नावाची प्रश्नावली भरून घेतली, दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार, म्हणजे जास्तीत जास्त 40. किती वेळ जातो, किती त्रास होतो, थांबवता येतं का, असं. ह्यांचे 29 आले, तो सिव्हिअरमध्ये धरतात. मला हे आवडलं, कारण "टेन्शन घेऊ नका" ऐकून ऐकून कान किटले होते, इथे कुणीतरी मोजलं तरी.

गोळी सुरू केली ती डिप्रेशनवालीच, एसएसआरआय. मी म्हटलं डॉक्टर ह्यांना डिप्रेशन नाहीये. ते म्हणाले ओसीडीला पण याच चालतात, फक्त डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि पूर्ण असर दिसायला 8 ते 12 आठवडे जातात, पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. मी विचारलं मेंदूत सेरोटोनिन कमी झालंय का, सगळ्या व्हिडिओत तेच सांगतात. तर म्हणाले पॅरासिटामॉलनं ताप उतरतो म्हणून ताप काही पॅरासिटामॉल कमी पडल्यानं आलेला नसतो. मेंदूचा भाग आहेच यात, घराण्यात पण चालतं, पण "केमिकल कमी झालं" एवढं सोपं ते नाही. औषध देणाऱ्याच डॉक्टरनं हे सांगावं याचं मला विशेष वाटलं. सुरुवातीला मळमळ झाली, झोपेचं गणित बिघडलं. एक साईड इफेक्ट नवरा-बायकोतला असतो, तो डॉक्टरांनी स्वतःहून विचारला म्हणून बोलता तरी आलं, नाहीतर खान्देशातला कोण माणूस तोंड उघडणार आणि मग गुपचूप गोळी बंद.

पण खरे पैसे वसूल झाले ते मॅडमच्या खोलीत. त्यांनी कागदावर एक गोल काढला, बाटली दिसली, विचार आला, भीती वाढली, हात धुतले, सुटल्यासारखं वाटलं, आणि बाण परत बाटलीकडे. आणि माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली, अरे हे तर ऋण प्रबलन! बी.ए.ला यावर टीप यायची आणि निम्मा वर्ग त्याला शिक्षा समजून लिहायचा. शिक्षा नाही, उलट आहे, त्रास जातो म्हणून ते वागणं पक्कं होतं. धुतल्यानं भीती उतरते म्हणून पुढच्या वेळी धुणं अजून घट्ट. मावरर नावाच्या माणसानं 1947 ला हेच दोन भागांत मांडलं होतं, भीती चिकटते ती पावलॉव्हच्या कुत्र्यासारखी (आवाजामागून खाणं येतं म्हणून नुसत्या आवाजाला पण लाळ) जोडी लागून, आणि टिकते ती टाळत राहिल्यानं, म्हणजे स्किनरचा भाग. परीक्षेत हे दोघं दोन वेगळ्या प्रश्नांत यायचे, इथे एकाच माणसाच्या एकाच हातावर.

मग उपाय काय, तर ईआरपी, म्हणजे भीतीच्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचं नाही. बास. लंडनला व्हिक्टर मेयर म्हणून होते, त्यांनी 1966 ला पहिल्यांदा दोन पेशंटवर केलेलं छापलं, तिथे तर धुण्याच्या पेशंटच्या खोलीतलं पाणीच बंद केलं होतं आणि नर्स लक्ष ठेवून. आमच्या मॅडम एवढ्या कडक नाहीत. आधी ह्यांच्याकडूनच यादी करून घेतली, कशाची भीती शंभरात किती. बिलबुक 30, शटरचं कुलूप 40, नोटा 50. आणि मग मॅडमनी जी आयडिया केली ती फक्त कृषी केंद्रवाल्यालाच कळेल, बाटलीवरचे त्रिकोण! हिरवा कमी विषारी, मग निळा, मग पिवळा, आणि लाल सगळ्यात जहाल. ह्यांना आयुष्यभर पाठ असलेला तो क्रम, त्याचीच शिडी केली. सगळं सीलबंद हां, गळकी बाटली नाही, तसले धंदे नाहीत. आणि नियम लिहून दिला, लेबलवर जेवढं छापलंय तेवढी काळजी घ्यायची, सुटा माल हाताळताना हातमोजे, काम झाल्यावर साबणानं एकदा हात धुणं, त्याच्यावरचं एकही धुणं आजाराचं.

हिरव्या त्रिकोणाची बाटली ह्यांनी तीन कॅरीबॅगमध्ये गुंडाळून नेली होती. मॅडमनी सोडली, टेबलावर ठेवली, स्वतःचा तळहात तिच्यावर ठेवला आणि तोच हात स्वतःच्या ओढणीला पुसला. मग ह्यांना म्हणाल्या आता तुम्ही. ह्यांनी दोन बोटं लावली. पूर्ण हात, मॅडम म्हणाल्या. लावला. किती? नव्वद. घाम फुटलेला, दोन्ही हात मांडीपासून वीतभर वर धरलेले, कशालाच टेकवत नव्हते. आता मांडीवर ठेवा. ठेवले. मी वाट बघत होते की मॅडम म्हणतील घाबरू नका काही होणार नाही. नाहीच म्हणाल्या. म्हणाल्या, "काही होईल की नाही हे शंभर टक्के कधीच कळणार नाही, न कळता बसता येतं का ते बघू." आणि बसले की हो, पंखा गरगरतोय, बाहेर टोकन चाललंय, आणि हे आकडा सांगतायत, पंच्याऐंशी, पंच्याऐंशी, सत्तर, परत पंचाहत्तर, साठ. मग तसेच न धुता एसटीनं चोपडा. विदगावला तापीच्या पुलावर ह्यांनी पाण्याची बाटली मागितली, मला वाटलं झालं आता हात धुणार खिडकीतून, तर झाकण उघडलं, थोडा वेळ नुसती धरली आणि तोंडाला लावली.

सगळ्यात अवघड पार्ट घरचा होता आणि तो कुणी सांगत नाही. हे रोज बाईंना विचारायचे, "मना हात साफ शेतस ना?" (माझे हात साफ आहेत ना) आणि बाई म्हणायच्या "शेतस रे भाऊ, शेतस." परत विचारायचे, परत शेतस. मी पण तेच करायचे, त्यांचा टॉवेल वेगळा ठेवायचे, पोरीला लांब करायचे, भांडण नको म्हणून. मॅडम म्हणाल्या घरचे जे हे करतात तेही एक प्रकारचं धुणंच आहे, तोंडानं केलेलं, त्यामुळे उत्तर बंद. फक्त म्हणायचं, "हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही." आईनं पोराला असं म्हणायचं! बाईंना पटेना, तेव्हा मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं आणि चक्क अहिराणीत समजावलं, हे त्या मोठ्या शहराच्या व्हिडिओ कॉलवर झालं नसतं. तरी पहिल्यांदा उत्तर द्यायचं टाळलं त्या दिवशी हे ताटावरून उठून गेले आणि बाई माझ्यावर चिडून बोलल्या नाहीत. पुस्तकात कौटुंबिक उपचारपद्धती म्हणून अर्ध्या पानाचा धडा असतो त्यात हे ताट नसतं.

कॉग्निटिव्ह, म्हणजे विचारांवर काम करणारी लाईन, ती मॅडमनी कमी वापरली पण योग्य जागी वापरली. 1978 ला रॅचमन आणि डी सिल्वा या दोघांनी दाखवलं होतं की असले घाणेरडे, भीतीदायक विचार ज्यांना आजार नाही त्यांच्या पण डोक्यात येतात. फरक पुढे आहे, ओसीडीवाला माणूस त्या विचाराची सगळी जबाबदारी अंगावर घेतो, "मला सुचलं आणि मी काही केलं नाही तर पोरीला जे होईल ते माझ्यामुळे", हा भाग साल्कोव्हस्किसनं 1985 ला मांडला. हे ऐकल्यावर हे म्हणाले म्हणजे तुला पण येतात का असे विचार? मी म्हटलं रोज, गॅस चालू राहिला असं वाटतं आणि मग विसरून पण जाते. आपल्याकडे एलिसची विवेकनिष्ठ पद्धत (चुकीच्या विचाराशी लॉजिकनं वाद घालायची) बऱ्याच लोकांना माहितीय, कि. मो. फडक्यांनी ती मराठीत आणली, आणि राग, न्यूनगंड, परीक्षेची भीती यात तिचा उपयोग होतो असं माझं मत आहे. पण हात धुणाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही, मी महिनोन्महिने लॉजिक लावलंय, एवढ्याशा थेंबानं काय होतं, डोस किती लागतो बघा, तर ते लॉजिक म्हणजेच पुन्हा "शेतस रे भाऊ" झालं, दहा मिनिटं शांत आणि मग नवीन शंका.

पाचवा स्टार. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञानं 1957 ला लिहिलं होतं की उपचार करणाऱ्यानं पेशंटला अटी न घालता मान द्यावा, त्याच्या जागी जाऊन समजून घ्यावं आणि खरं वागावं. मॅडम आणि डॉक्टर दोघांकडे हे आहे, आणि हे नसतं तर ह्यांनी त्या बाटलीला हात लावलाच नसता हेही खरं. पण बाहेर काउंटरवर शून्य. भरलेल्या वेटिंगमध्ये "ओसीडीवाले कोण, चोपड्याचे?" अशी हाक मारली. दोन खुर्च्या सोडून आमचं एक गिऱ्हाईक बसलं होतं! (ते स्वतः कशाला आले होते ते मी विचारलं नाही, त्यांनी पण मान खाली घातली.) फायली उघड्या पडलेल्या असतात, कोणीही वाचावं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटच्या माहितीची गोपनीयता हा हक्क म्हणून लिहिलाय, मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आता नंबरनं बोलावतात, फायली मात्र तशाच.

फी, डॉक्टरांची पहिल्या वेळी 800, मॅडमचं सेशन 700, सेशन पाऊण तासाचं म्हणतात पण बाटलीच्या दिवशी जास्त वेळ बसवलं आणि जास्त घेतले नाहीत. मेडिक्लेम असेल तर बघा, त्याच 2017 च्या कायद्यानं मानसिक आजाराला पण शारीरिक आजारासारखा विमा द्यायचा आहे, पण आमच्या पॉलिसीत अ‍ॅडमिट झालं तरच पैसे, ओपीडीचं सगळं आपल्या खिशातून. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला जा, गोळ्या तिथे मिळतात. आणि 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. त्यावर ईआरपी होणार नाही, पण मध्यरात्री घाबरून बसलेल्या माणसाला बोलायला कुणीतरी मिळतं.

शॉक देतील का, हे आमच्या नात्यातल्या प्रत्येकानं विचारलं. नाही. ओसीडीला ती नेहमीची ट्रीटमेंट नाहीच. ती असते फार गंभीर डिप्रेशन वगैरेला, 1938 ला रोममध्ये सुरू झाली, आणि आता भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय देणं आपल्याकडे कायद्यानं बंद आहे. पिक्चरमध्ये दाखवतात तसं बांधून काही नसतं.

आत्ताची परिस्थिती, वाय-बॉक्स 14, म्हणजे माइल्ड. गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणाले निदान वर्षभर तरी बंद करायचा विषय काढू नका. मे-जूनमध्ये कापसाच्या बियाण्याची गर्दी झाली की धुणं वाढतं, मग मॅडमकडे एखादी फेरी. लाल त्रिकोणाची सीलबंद बाटली आता रॅकवरून स्वतः काढून देतात, एकदा हात धुतात आणि चहा घेतात. पोरगी मागून येऊन गळ्यात पडते. परीक्षेत शेवटी "जैव-मनो-सामाजिक" लिहिलं की पूर्ण मार्क मिळायचे, एंगेल नावाच्या डॉक्टरनं 1977 ला मांडलेलं, शरीर, मन, समाज तिन्ही बघा. बरोबर आहे, पण तिन्हींना सारखे मार्क नसतात बरं का. ह्यांच्या केसमध्ये मी निम्म्याहून जास्त श्रेय त्या न धुता बसण्याला देईन, मग गोळीला, मग बाईंना. दुसऱ्या आजाराचं गणित वेगळं येईल, स्किझोफ्रेनियावाल्याची गोळी बंद करून कुणी त्याला नुसतं बोलायला बसवत असेल तर तिथून पेशंट उचला.

जाणार असाल तर फोनवरच विचारा, ओसीडीला ईआरपी करता का, आणि कोण करतं. "आम्ही समजावून सांगतो, पॉझिटिव्ह विचार शिकवतो" असं उत्तर आलं तर फी भरू नका. या क्लिनिकला फोन फारसा उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप करा. शनिवार टाळा, चोपडा-यावल-रावेरचे सगळे त्याच दिवशी येतात. जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसाला आणत असाल तर आधी सांगा, डॉक्टर खाली येऊन बघतात, बाईंच्या वेळी आले होते. गाडी गल्लीत लावू नका, शेजारचा दुकानदार भांडतो.